जेलमधून पास झाला, फोटो छापला, पुढं काय?

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी निकालाच्या टायमाला आपल्या पेपरात एक बातमी असतेच. अमुक कारागृहातले एवढे बंदी बारावी पास झाले, तमुक जणानं आत राहून बीए केलं, सोबत साहेब लोक पेढा भरवतानाचा फोटो. बातमी चांगलीच आहे, मी वाचतो, घरी पोरांनाही दाखवतो. माझी तक्रार एवढीच की बातमी तिथंच संपते. तो माणूस सुटला, गावी आला, मग त्याच्या पुढच्या वर्षाचं काय झालं, फायनलला ऍडमिशन भेटली का कापूस वेचायला गेला, हे कधीच छापून येत नाही. अन मला विचाराल तर खरा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण आत असताना अभ्यासाची जेवढी सोय आहे तेवढी बाहेर आल्यावर राहत नाही. ऐकायला उलटं वाटते पण आहे तसंच.

मी कोण ते सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स अन ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, जातीचा दाखला, पॅन कार्ड, कॉलेजच्या ऍडमिशन, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल सगळं इथंच, त्यामुळं कोणाच्या घरात काय चाललं हे पोलीस पाटलाच्या आधी माझ्या स्कॅनरला माहीत असते. नाव-पत्ता आपल्याकडं दिला आहे पण कृपा करून छापू नका, ज्यांच्यासाठी हे पत्र आहे ते माझे गिऱ्हाईक आहेत अन गाव लहान आहे.

आधी आतलं सांगतो, पुष्कळ लोकांना माहीतच नसते. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात इग्नूचं, म्हणजे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, अभ्यासकेंद्र आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पण राज्यातल्या कारागृहांत शिकवते. इग्नूनं बंद्यांची फी माफ केलेली आहे, पुस्तकं आतच येतात, परीक्षाही आतच होते. शिक्षा झालेल्यानं परीक्षा पास केली तर शिक्षेत माफीचे दिवस मिळतात, म्हणजे शिकलं की लवकर सुटायलाही मदत होते. आपल्या राज्याच्या कारागृह विभागाचं ब्रीदच 'सुधारणा व पुनर्वसन' असं आहे. यातलं पहिलं ते आपल्या परीनं करतात, दुसरं कोणाच्या खात्यात येते हे गेटच्या बाहेर पडलेल्या माणसाला काही समजत नाही.

अन हे सगळं झालं शिक्षा लागलेल्यांचं. आपल्याकडं आत असलेले बहुतेक लोक शिक्षा लागलेले नसतातच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन. यांच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही. आता कच्च्या कैद्याची गंमत अशी की तो कायम 'पुढच्या महिन्यात बेल होते' या आशेवर असतो, वकील पण तेच सांगतो, घरचे मुलाखतीला गेले की तेच बोलतात, मग तीन वर्षाच्या डिग्रीला नाव काहून टाकेल तो? असं पुढचा महिना पुढचा महिना करता करता चार-पाच वर्षं जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आलं, जुलै २०२४ पासून लागू आहे. पहिल्यांदाच आत गेलेला कच्चा कैदी असेल अन फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ झाला की त्याला सोडायची तरतूद त्यात आहे. नीट राबवलं तर बाहेर येणारे वाढणारच आहेत, अन त्यात कॉलेजच्या वयाचे पोरं भरपूर असतील.

असाच एक पोरगा माझ्या दुकानात आला होता. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण, एक माणूस मेला, एफआयआरमध्ये घरातल्या सगळ्या बाप्यांची नावं टाकली तशी याचीही टाकली. तेव्हा हा बीएच्या पहिल्या वर्षाला होता. काही वर्षं आत काढली अन मग कोर्टानं निर्दोष सोडला. आता म्हणे मला पुन्हा कॉलेज करायचं आहे भाऊ, फॉर्म भरून द्या. मी म्हटलं बस.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, शिक्षणात खंड पडला असल्यास कारण. तो बराच वेळ स्क्रीनकडं पाहत राहिला अन हळूच म्हणे, "आजारपण टाकू काय?" मी म्हटलं काहून, तू काय आजारी होता? तर म्हणे मग काय टाकू, तुम्हीच सांगा. मी 'इतर' टाकलं. मग गॅपचं अफिडेव्हिट. आमच्या इथं तहसीलपाशी बसणाऱ्या अर्जनवीसाकडं त्याचा छापील मजकूर तयारच असतो, 'वैयक्तिक कारणामुळे शिक्षणात खंड पडला, या काळात इतर कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतला नाही', ते करून दिलं. कॉलेजच्या खिडकीवर बाबू म्हणे वैयक्तिक म्हणजे काय, नीट लिहून आणा. आता नीट म्हणजे काय लिहायचं? पोरींचं लग्न झालं, लेकरू झालं, सात वर्षाचा गॅप पडला तरी त्यांच्या अफिडेव्हिटवर हेच 'वैयक्तिक कारण' असते अन तिथं हाच बाबू काही विचारत नाही, शिक्का मारतो. याच्याबद्दल गावात सगळ्यांना माहीत होतं म्हणून विचारलं, दुसरं काय.

पण खरी अडचण बाबू नव्हताच, बाबू शेवटी मानला. खरी अडचण मोबाईलची झाली, अन ही गोष्ट वर बसलेल्या कोणाच्या डोक्यात येत नसेल म्हणून इथं लिहितो. आत गेला तेव्हाचा नंबर आधारला जोडलेला. आत असताना रिचार्ज कोण मारणार, सिम बंद पडलं, कंपनीनं तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकला. आता महाडीबीटी काढा, ओटीपी. एबीसी आयडी, म्हणजे कॉलेजच्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं काढा, ओटीपी. अन तो ओटीपी जाते कुठल्या तरी भलत्याच बाईच्या फोनवर, आम्ही त्या नंबरवर फोन केला तर बाई म्हणे फ्रॉड आहे म्हणून ठेवून दिला, तिचंही बरोबरच आहे म्हणा. आधारचा नंबर बदलायचा तर आधार सेंटरला नंबर लावा, मशीन चालू असेल तर. त्यात बारावीची ओरिजिनल मार्कशीट वकिलाकडं राहिलेली, वकिलाची फी बाकी, वकील साहेब फोन उचलत नाहीत. डुप्लिकेट काढायची तर अमरावतीला बोर्डात जा. एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडली, अन तेवढ्यात ऍडमिशनची तारीख संपली. त्या वर्षी त्याचं राहिलंच. पुढच्या जूनमध्ये तो परत आला तेव्हा सगळे कागद एका पन्नीत घालून आणले होते, मोबाईल नंबर आईच्या नावाच्या सिमचा, अन मला म्हणे आता विचारा काय विचारायचं ते. सध्या तो दुसऱ्या वर्षाला आहे.

हा तर निर्दोष सुटलेला. जामिनावर असलेल्याचं अजून वेगळं. जामिनाच्या अटीत दर आठवड्याला ठाण्यात हजेरी असते, वर कोर्टाची तारीख, तारीख म्हणजे अख्खा दिवस गेला, कारण पुकारा सकाळी होईल का संध्याकाळी हे कोणी सांगत नाही. इकडं कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी मागतात. अन सेमिस्टरचा पेपर अन तारीख एकाच दिवशी आली तर काय करायचं? पेपरला गेला तर वॉरंट निघते, तारखेला गेला तर विषय राहते. वकिलानं आधीच अर्ज दिला तर कोर्ट बहुतेक वेळा ऐकून घेते, पण हे त्या पोराला सांगणार कोण? तिथं वर्गातल्या एखाद्या सरांना माहीत असलं तर काम होते, नाहीतर पोरगा लाजून कॉलेजच सोडते.

बायकांचं थोडक्यात लिहितो पण विसरून चालणार नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, तिथं गावठी दारूच्या केसमध्ये बायकाही पकडल्या जातात, त्यात नवरा गेलेल्या किंवा टाकलेल्या असतात. बाई जामिनावर सुटून आली की तिला माहेर नाही अन सासर नाही. तिला कोणी कॉलेजचं विचारत पण नाही, अंगणवाडीत मदतनीस म्हणून तरी घेतील का हाच तिचा प्रश्न असतो.

आता लोक काय म्हणतात ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूनं लिहिलं. आमच्या चौकात हा विषय निघाला तर एक जण सरळ म्हणे, "माह्या पोट्ट्यानं कोणाचं वाकडं केलं नाही, त्याच्या फीपायी मी गोऱ्हा विकला, अन तुम्ही या जेलवाल्याले फुकट शिकवता काय?" राग बरोबर आहे. कापसाचा भाव पाहता तर अजूनच बरोबर आहे. पण मी काही वेगळा कोटा मागत नाही. बहुतेक अशा पोरांना जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावर शिष्यवृत्ती तशीही लागू असतेच, फक्त कागद जुळत नाहीत. अन जागेचं म्हणाल तर कोणाची जागा जाते? आमच्याकडं जून लागला की कॉलेजचे प्राध्यापक लोक मोटारसायकलवर गावोगावी फिरतात, घरोघरी जाऊन म्हणतात पोराची टीसी द्या, ऍडमिशन आमच्याकडं करा, कारण बीएच्या तुकडीत पोरं भरत नाहीत अन तुकडी गेली की नोकरी जाते. इकडं पोरगा मिळत नाही म्हणून वणवण फिरायचं अन तिकडं एक स्वतःहून चालत आला तर त्याला वैयक्तिक म्हणजे काय विचारायचं.

दुसरं बोलणं जास्त जड आहे. ज्याच्या घरचा माणूस गेला त्या घरानं काय करायचं? धुऱ्याच्या भांडणातला खून म्हणजे मारणारा अन मेलेला एकाच गावचे, कधीकधी एकाच आडनावाचे. शिक्षा भोगून मारणारा परत आला तर मेलेल्याच्या बायकोची गल्ली अन याची गल्ली लागूनच. तिला हे पत्र वाचून संताप येईल, येऊ द्या, मी तिला समजवायला जाणार नाही अन कोणी जाऊ पण नये. मला फक्त एवढं दिसते की तो गावात तर येणारच आहे, कायद्यानं त्याची शिक्षा संपली आहे. आता दिवसभर पारावर तिच्या डोळ्यासमोर बसून राहील, संध्याकाळी त्याच जुन्या लोकांत जाईल, का सकाळच्या एसटीनं तालुक्याला जाऊन संध्याकाळी परत येईल, यातलं काय बरं? कॉलेजचा एक फायदा असा की तिथं त्याला निदान चार-पाच तास 'तो आरोपी' म्हणून कोणी पाहत नाही, रोल नंबर असते. गावात हे कधीच होणार नाही.

अन काही जण म्हणतात शिकून करणार काय, नोकरी तर लागत नाही. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी असते, शिक्षा झालेल्याला ते जड जाते, खरं आहे. पण सगळीच दारं बंद आहेत हे खोटं आहे. वकिलीचंच घ्या. वकिलांच्या कायद्यात कलम २४अ आहे, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद मिळत नाही, पण सुटून दोन वर्षं झाली की ती आडकाठी राहत नाही. अठराच्या आत ज्याच्या हातून काही झालं त्याच्यासाठी तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम २४ आहे, त्या गोष्टीमुळं त्याला पुढं अपात्र धरायचं नाही असं लिहिलेलं आहे, अगदी गंभीर गुन्ह्यातल्या मोठ्या पोरांचा अपवाद सोडला तर. अन आमदारकीचं तर विचारूच नका, केस चालू असताना उभं राहता येते, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा लागली तरी सुटल्यावर सहा वर्षांनी परत उभं राहता येते. सभागृहात बसायला चालते, वर्गात बसायला विचारपूस होते. असो.

हे काम दुनियेत कोणी केलंच नाही असं नाही. अमेरिकेत जॉन आयर्विन नावाचा माणूस होता, सशस्त्र दरोड्यात कॅलिफोर्नियाच्या सोलेडाड तुरुंगात पाच वर्षं काढली, सुटल्यावर कॉलेज केलं अन पुढं समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यानं १९६७ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये 'प्रोजेक्ट रिबाउंड' सुरू केलं, तुरुंगातून सुटलेल्याला कॉलेजात घ्यायचं अन टिकवायचं एवढंच त्याचं काम. आज ते कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या बऱ्याच कॅम्पसवर चालते. मला त्यातली आवडलेली गोष्ट ही की टेबलामागं बसलेली माणसं पुष्कळदा स्वतःच आत जाऊन आलेली असतात, त्यांना गॅपचं कारण विचारावं लागत नाही. तिकडंही सरळ काही झालं नाही. १९९४ मध्ये कायदा करून कैद्यांना कॉलेजसाठी मिळणारी पेल ग्रँट नावाची सरकारी मदत बंद केली, ती पुन्हा पूर्ण सुरू व्हायला जुलै २०२३ उजाडलं. मधल्या काळात, २०१३ मध्ये, रँड नावाच्या संस्थेनं जुने सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची परत आत जायची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी निघाली. आकडा तिकडचा आहे, आपल्याकडं तसाच निघेल असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडं कोणी मोजायला तरी पाहिजे ना, पेढ्याच्या फोटोनंतर?

आपल्याकडं मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचं 'प्रयास' १९९० पासून कैद्यांच्या अन सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम करते. पण आमच्या पोराला मुंबई म्हणजे परदेशच.

अन विदर्भानं हे करू नये तर कोणी करावं? १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन काढलं, ज्यांना गावानं शिवेबाहेर काढलं होतं असे कुष्ठरोगी घेऊन. पुढं त्याच लोकांच्या हातून तिथं कॉलेज उभं राहिलं, अन आजूबाजूच्या गावातली धडधाकट पोरं तिथं शिकायला गेली. सुरुवातीला लोक तिथलं पाणी प्यायला तयार नव्हते म्हणतात. तुकडोजी महाराज १९४२ च्या चळवळीत नागपूर अन रायपूरच्या तुरुंगात होते, विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढं गीता सांगितली. मला माहीत आहे, ते देशासाठी गेले होते अन आमचा पोरगा धुऱ्यापायी गेला, तुलना नाही करत. पण तुरुंगातून आलेला माणूस म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं करायची या मातीला तरी गरज नाही.

आता माझं म्हणणं काय ते. अमरावती, नागपूर अन गोंडवाना, तिन्ही विद्यापीठांनी एक साधं परिपत्रक काढावं की गॅपच्या अफिडेव्हिटवर 'वैयक्तिक कारण' पुरेसं आहे, खिडकीवर अधिक विचारायचं नाही. जवळपास प्रत्येक कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) कार्यक्रम अधिकारी असतातच, तसं एका सरांचं किंवा मॅडमचं नाव या कामासाठी ठरवून द्यावं, त्यांनी तारीख-पेपरची पत्रं द्यावी, हजेरीचं पाहावं, अन तालुका विधी सेवा समितीचा नंबर खिशात ठेवावा. जिल्हा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, सुटलेल्यांना मार्गी लावायचं काम) म्हणून एक पद महिला व बालविकास विभागात आहे, हे माझ्या गिऱ्हाईकांतल्या एकालाही माहीत नव्हतं, त्यांनी जूनमध्ये एक दिवस कॉलेजात येऊन बसावं. विद्यापीठाला यासाठी वेगळं बजेट लागत नाही.

कारागृहवाल्यांना विनंती वेगळी आहे. सुटायच्या महिनाभर आधी आत आधारचा कॅम्प लावा अन नंबर बदलून द्या, घरच्या कोणाचा चालू नंबर असेल तो टाका. इग्नूचा किंवा मुक्त विद्यापीठाचा जो एनरोलमेंट नंबर आहे तो अन अभ्यासकेंद्र बदलायचा फॉर्म सुटकेच्या कागदासोबत हातात द्या, मार्कशीटच्या कॉपीसकट. सुटलेला माणूस परत गेटवर जाऊन माझी मार्कशीट द्या म्हणणार नाही, तिकडं तो पाहणार पण नाही. २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेनं बंद्यांना पन्नास हजारापर्यंत कर्ज द्यायची जिव्हाळा योजना काढली, बँक विश्वास ठेवू शकते तर हे दोन कागद द्यायला काय हरकत आहे.

आपल्याला एक विनंती. पुढच्या निकालाला कारागृहाची बातमी येईल तेव्हा वार्ताहराला सांगा की मागच्या वर्षी पास झालेल्यांचं काय झालं ते पण विचार, नाव न छापता. अन जूनमध्ये जिल्हा पानावर एक चौकट टाका, कोणत्या कॉलेजात कोणाला भेटायचं. ज्या कॉलेजचं नाव येणार नाही त्यांना आपोआप समजेल.

माझ्या दुकानाचा पत्ता आपल्याकडं आहेच. असा कोणी विचारत आला तर बिनधास्त पाठवा, सकाळी नऊच्या आत आला तर सर्व्हर पण बरा चालते. फॉर्म भरायचे पैसे घेणार नाही, झेरॉक्सचे घेईन, रिमचा भाव वाढला आहे.

आपला नियमित वाचक,
(नाव छापू नये)
जि. यवतमाळ